‘हवाई सुंदरी’ ते विमानसेविका

मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप संपादिकाबाईंकडून आला, आणि त्यासोबत विषयही आला. “तुम्ही इतके देश पाहिलेत, तेव्हा प्रवासाच्या गमती लिहा.” गमती मी सांगणार आहेच. परंतु भगिनींनो, विमानात नोकरी करणारी बाई ज्या अर्थाने देश पाहते तो अर्थ जरा निराळा आहे. तिच्या वाट्याला विमानतळ येतो, हॉटेलची खिडकी येते, आणि झोप मोडून मिळवलेली बाजारातील एखादी दुपार येते. सव्वीस वर्षांत अशा दुपारी मी पुष्कळ साठवल्या. पण त्या मला मिळाल्या कशा, माझ्या आधीच्या बायकांनी त्यासाठी काय काय सोसले, हे आपल्याकडे फारसे कुणी लिहिलेले नाही. म्हणून आधी तो इतिहास सांगते आणि मग माझ्या चार गोष्टी.

आमच्या व्यवसायाला मराठीत ‘हवाई सुंदरी’ हा शब्द रूढ झाला. शब्द कानाला गोड आहे, यात शंका नाही. पण रुग्णांची सेवा करणारीला आपण परिचारिका म्हणतो, शाळेत शिकवणारीला शिक्षिका म्हणतो, टपालखात्यातील बाईला कारकून म्हणतो. मग विमानातील बाईच्याच नावात सौंदर्य कशाला आले? नावात सौंदर्य आले की त्याच्या मागोमाग वय येते, वजन येते, आणि लग्न झालेले नसणेही येते. या धंद्याचा पहिल्या अर्धशतकाचा इतिहास म्हणजे या तीन अटींचाच इतिहास आहे.

गंमत अशी की, हे काम आरंभी पुरुषांचे होते. १९१२ साली जर्मनीत झेपेलिन जातीच्या हवाई जहाजावर हाइनरिख कुबिस नावाचे गृहस्थ प्रवाशांची बडदास्त ठेवण्यासाठी नेमले गेले. जगातील पहिले विमानसेवक म्हणून त्यांचेच नाव घेतात. १९३७ साली ‘हिंडेनबर्ग’ हे प्रचंड हवाई जहाज अमेरिकेत उतरताना जळाले, त्यावरही ते होते. खिडकीतून उडी टाकून ते बचावले.

स्त्रिया या कामात आल्या त्या १९३० साली. अमेरिकेतील आयोवा राज्यात एलन चर्च नावाची एक परिचारिका होती. तिला विमान चालवता येत होते आणि वैमानिक होण्याची तिची इच्छा होती. पण त्या काळी बाईच्या हाती प्रवासी विमान कोण देणार? तेव्हा तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीपुढे दुसरी कल्पना मांडली. लोक विमानात बसायला घाबरतात. आत एक शिकलेली परिचारिका असेल तर त्यांना धीर येईल, असे तिचे म्हणणे. कंपनीला ते पटले. १५ मे १९३० रोजी कॅलिफोर्नियातून शिकागोकडे जाणाऱ्या विमानात ती कामावर चढली. वाटेत तेरा ठिकाणी थांबत तो प्रवास वीस तासांचा होता. तिच्यासह आठ जणींची पहिली तुकडी नेमली गेली. सगळ्या शिकलेल्या परिचारिका, सगळ्या पंचविशीच्या आतल्या, अविवाहित, आणि वजनाने ११५ पौंडांच्या आत. पगार महिना १२५ डॉलर. खाणे वाढणे हे त्यांच्या कामातले सर्वांत हलके काम असावे. सामान चढवणे, जमिनीला खुर्च्या नीट पक्क्या आहेत की नाहीत हे तपासणे, हीही कामे त्यांच्याकडेच असत.

यातली वजनाची अट त्या काळी काहीशी समजण्यासारखी होती. विमाने लहान, आणि पौंडापौंडाचा हिशेब. पण पुढे विमाने मोठी झाली तरी अटी लहान झाल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका सैन्याकडे गेल्या आणि परिचारिकेची पदवी असण्याची अट तेवढी गळाली. म्हणजे विद्येची अट गेली आणि रूपाची, वयाची, कौमार्याची अट मागे उरली!

युरोपात हा मान प्रथम नेली डीनर या स्विस तरुणीला १९३४ साली मिळाला. त्याच वर्षी २७ जुलै रोजी जर्मनीत तिचे विमान कोसळले आणि ती व विमानातील सर्व जण मृत्यू पावले. अशी ही सुरुवात. दिसायला झगमगाट, आणि पायाखाली हजारो फुटांची पोकळी.

आपल्या देशात जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या विमानतळावर टपाल आणले. तेथून भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ मोजतात. त्या विमानात प्रवासी नव्हते, तेव्हा सेविकेचा प्रश्नच नव्हता. १९४६ साली टाटांच्या कंपनीचे ‘एअर इंडिया’ हे नाव झाले, आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो, जिनीव्हामार्गे लंडनला गेले. पहिल्यावहिल्या सेविका बहुतेक अँग्लो-इंडियन वा युरोपियन घरांतल्या असत. अंगात स्कर्ट व कोट आणि डोक्यावर टोपी. साडी आली ती नंतर, १९६० च्या सुमारास, जेट विमानांच्या काळात. सहा वार साडी नेसून दोन रांगांमधल्या त्या अरुंद वाटेने गरम चहाची किटली नेणे म्हणजे काय, हे ज्यांनी लग्नाच्या पंगतीत वाढले आहे त्यांना सांगायला नको. फरक इतकाच की मांडवाची जमीन हलत नाही.

या कामात शौर्य लागते हे जगाला आपल्या देशाने लवकर दाखवले. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी मंडळातील माणसे घेऊन हाँगकाँगहून जकार्ताकडे निघाले होते. त्यात घातपाताने बॉम्ब ठेवलेला होता. नातुना बेटांजवळ स्फोट झाला आणि विमान पेटले. कॅप्टन जटार यांनी ते समुद्राकडे नेले. हाती असलेल्या थोड्या अवधीत कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना लाइफ जॅकेटे दिली, सुटकेची दारे उघडली. एकोणीस जणांपैकी सोळा गेले. दीक्षित, कर्णिक आणि पाठक हे तिघे कर्मचारी पोहून वाचले. त्या विमानात ग्लोरिया बेरी ही सेविका होती. ती परत आली नाही. कॅप्टन जटार, ग्लोरिया आणि हे तिघे यांना सरकारने अशोकचक्र सन्मान दिला. लष्कराबाहेरील माणसांना हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. कर्णिकांनी पुढे या अपघातावर पुस्तक लिहिले. जटार, दीक्षित, कर्णिक ही नावे आपल्या मराठी घरांना ठाऊक असतात. ग्लोरियाचे नाव मात्र कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले.

जिच्याकडून देश एवढी अपेक्षा करतो, तिला नोकरी किती वर्षे? सरकारी एअर इंडियाच्या नियमांत तेव्हा असे लिहिलेले होते की, विमानसेविकेने वयाच्या ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा. किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्यास तेव्हा. यातले जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळू शके, पण ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात तोच चहा वाढणारा पुरुष कर्मचारी मात्र ५८ वर्षांपर्यंत कामावर. जगात अन्यत्रही असेच होते. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तेथील सेविकांनी तक्रारी केल्या, आणि काही वर्षांच्या लढ्यानंतर लग्नाच्या व वयाच्या अटी मोडून काढल्या.

आपल्याकडे नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणी न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला; न्यायमूर्ती फजल अली यांनी तो लिहिला. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी जाण्याची अट न्यायालयाने रद्द केली, आणि ही अट म्हणजे भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान होय, अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले. मुदतवाढ एका माणसाच्या मर्जीवर ठेवणेही न्यायालयाला मान्य झाले नाही. पण सारेच मिळाले असे नव्हे. पहिली चार वर्षे लग्न न करण्याची अट टिकली. मुलीला परिपक्वता येते आणि कुटुंबनियोजनालाही ते पोषक आहे, असे कारण निकालात आले. स्त्री व पुरुष कर्मचारी हे दोन निराळे वर्ग आहेत, म्हणून निवृत्तीचे वय निराळे ठेवता येते, हेही न्यायालयाने मान्य केले. पुढे निवृत्तीचे वय ५८ झाले तरी स्त्रियांनी विमानात काम करायचे ते ५० पर्यंतच, हा भेद राहिला, आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही चालू ठेवला. स्त्रीने विमानातील पर्यवेक्षक व्हावे की नाही, तिच्या हाताखाली पुरुषांनी काम करावे की नाही, या वादाचा निकाल स्त्रियांच्या बाजूने लागायला २०११ साल उजाडावे लागले.

या निकालानंतर काही महिन्यांनी, १९८२ साली, मी नोकरीला लागले. चार वर्षे लग्न न करण्याचे मीही कबूल केले. १९८७ साली लग्न झाले, १९८९ साली मुलगी झाली, आणि रजा संपल्यावर मी पुन्हा आकाशात गेले. माझ्या सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन म्हणायच्या, “आई कामाला गेली आहे हो, येईल परवा.” ‘कामाला’ हा शब्द त्या इतक्या सहज उच्चारत की मला भरून येई. दहा वर्षे आधी लागले असते, तर त्या मुलीच्या पायगुणाने माझी नोकरी सुटली असती. ज्या बायकांनी दावा लावला त्यांपैकी एकीलाही मी कधी भेटले नाही. पण त्यांचे ऋण माझ्या घरात रोज हसत-खेळत होते.

आता हे काम खरोखर काय असते ते सांगते. आमच्या शिक्षणात केस कसे बांधावे, स्मित कसे करावे, हे होतेच. पण त्याहून कितीतरी अधिक दिवस आग, धूर, पाणी आणि दार यांत जात. नव्या जातीच्या विमानाला परवानगी मिळण्यापूर्वी निम्मीच दारे वापरून भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते. प्रत्येक पन्नास आसनांमागे एक सेविका वा सेवक असतो तो खाण्यासाठी नव्हे, या नव्वद सेकंदांसाठी. दारात उभी राहून ती नमस्कार करते तेव्हा गर्दीतला धट्टाकट्टा तरुण कोण, एकटी आजी कोण, तान्हे मूल कोणाजवळ, हे ती मनात टिपत असते. आणि विमान उडताना ती आपल्या घडीच्या खुर्चीवर स्तब्ध बसते, तेव्हा तिला स्वप्न पडलेले नसते. माझे दार कोणते, कडी कशी फिरते, बाहेर आग असेल तर काय ओरडायचे, याची ती मनातल्या मनात उजळणी करत असते. मी सव्वीस वर्षे प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक उतरण्याला ही उजळणी केली. एकदाही ती वापरावी लागली नाही, हे माझे भाग्य.

सर्वांचे भाग्य असे नसते. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात पडले. ३२९ जण गेले, त्यांत बावीस कर्मचारी. पुढच्या वर्षी ५ सप्टेंबरला कराचीत पॅन ॲमचे मुंबईहून निघालेले विमान दहशतवाद्यांनी ताब्यात घेतले. त्यावर आपल्या मुंबईची नीरजा भनोत ही प्रमुख होती. वैमानिकांना तिने वेळीच इशारा दिला, अमेरिकन प्रवाशांची पारपत्रे सहकाऱ्यांसह दडवली, आणि सुमारे सतरा तासांनंतर गोळीबार सुरू झाला तेव्हा दार उघडून प्रवाशांना बाहेर काढताना ती गेली. तेवीस वर्षे पुरी व्हायला तिला दोन दिवस कमी होते. त्या दिवसांत आई मला म्हणाली, “आता पुरे कर.” मी तिला इतकेच म्हटले की, नीरजा तेथे नसती तर आणखी किती जण गेले असते याचा विचार कर. आईने पुन्हा विषय काढला नाही. परंतु मी घरी पोचेपर्यंत देवापुढचे निरांजन विझू देत नसे.

असो. संपादिकाबाईंनी मागितलेल्या गमतींकडे वळते.

लंडन सर्वांनाच आवडते, मला ते आवडे डॉलिस हिल भागातील महाराष्ट्र मंडळामुळे. हे मंडळ १९३२ सालचे, न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने निघालेले. थंडीत कुडकुडत तेथे पोचावे आणि आत कुणी आजी तिळगूळ हातावर ठेवून ‘गोड बोला’ म्हणावी, याहून मोठे सुख परदेशात नाही.

नैरोबी महाबळेश्वराहून उंचावर वसलेले, हवा तशीच थंड. हे शहर मुळात १८९९ साली रेल्वेचे ठाणे म्हणून उभे राहिले. तो लोहमार्ग बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले. तेथील बाजारात हिंदी दुकानदाराशी हिंदीत भाव करताना मला हे आकडे आठवत.

तोकियोला मला काम करण्याची रीत आवडली. विमान निघाले की खाली जमिनीवरचे कामगार ओळीने उभे राहून वाकून नमस्कार करतात, हात हलवतात. पाहणारे कुणी असो वा नसो. आपण केलेले काम निरोप देण्याजोगे आहे, ही भावना त्यामागे मला दिसे.

पण मनात घर करून राहिले ते मॉरिशस. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते! ऊसमळ्यांवर राबण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कोकणातून व देशावरून गेलेल्या माणसांचे वंशज तेथे मराठी म्हणून राहतात. पोर्ट लुई बंदरात ‘आप्रवासी घाट’ आहे. २००६ साली तो जागतिक वारशात गणला गेला. दगडाच्या सोळा पायऱ्या. जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून त्या बेटावर उतरली, त्यांत बायकाही होत्या. त्या पायऱ्यांशी मी बराच वेळ उभी होते. माझ्या पर्समध्ये परतीच्या उड्डाणाचा कागद होता. त्यांच्या पदराला काहीही बांधलेले नव्हते.

आणि एक आवडता मार्ग असा, की जो कुणी सांगत नाही. आखाती देशांची रात्रीची उड्डाणे. रत्नागिरी, चिपळूणकडचे तरुण, केरळातील परिचारिका, आंध्रातील मोलकरणी, पहिल्यांदाच विमानात बसलेली माणसे. पट्टा कसा लावायचा ते ठाऊक नाही, नळ कसा उघडायचा ते ठाऊक नाही, विचारायला लाज. उतरण्याआधी भरायचे कागद हातात घेऊन ती आमच्याकडे पाहत. आम्ही ओळीने बसून ते भरून देत असू. एका मुलाने जन्मतारीख विचारल्यावर सांगितले, “आई म्हणते, होळीच्या आदल्या दिवशी.” पारपत्रात पाहून मी तारीख घातली. परतीच्या विमानात हीच माणसे निराळी असत. हातात घड्याळ, पायाशी रेडिओ, आणि डोळ्यांत घर. १९९० साली कुवेतवर इराकचे आक्रमण झाले तेव्हा अम्मानहून मुंबईला ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली आणि एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे परत आणली गेली. त्यांतल्या काही विमानांत मी होते. कुणाजवळ सामान नव्हते. जेवणाचे ताट पुढे ठेवल्यावर एक प्रौढ बाई नुसती त्याकडे पाहत राहिली. मी वाकून म्हटले, “जेवा ना.” ती म्हणाली, “घरी जाते आहे ना मी? मग जेवते.” त्या दिवशी मला या नोकरीचे मोल समजले.

शिकले काय? दोन-तीनच गोष्टी. विमानात आरडाओरडा करणारा माणूस दहांत आठ वेळा घाबरलेला असतो. त्याला उत्तर देण्याआधी पाणी द्यावे. घरीही हे उपयोगी पडते. दुसरे, उंचावर हवा कोरडी असते, जिभेची चव मंदावते, म्हणून विमानातले अन्न बेचव लागते. लिंबाच्या लोणच्याची फोड जवळ असावी आणि पाणी भरपूर प्यावे. तिसरे महत्त्वाचे. हवेचा दाब गेला तर प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतः लावा, मग मुलाला, असे आम्ही प्रत्येक वेळी सांगत असू. बायकांना हे ऐकवत नसे. कित्येक आया मान हलवून ‘नाही’ म्हणत. पण पस्तीस हजार फुटांवर शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. आई बेशुद्ध झाली तर मुलाला कोण लावणार? स्वतःची काळजी घेणे म्हणजे स्वार्थ असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. विमानशास्त्राचे मत तसे नाही.

आज काळ पालटला आहे. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता ते सिल्चर विमान नेले, तेव्हा त्यातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. आज स्त्री वैमानिकांच्या प्रमाणात भारत जगात आघाडीवर आहे. एलन चर्चला जे आसन नाकारले गेले होते त्यावर आपल्या मुली बसतात. सरकारी झालेली एअर इंडिया २०२२ साली पुन्हा टाटांकडे गेली. अनेक मंडळ-भगिनींच्या मुली-नाती आता या व्यवसायात येऊ पाहतात आणि माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्या विचारतात, “उंची किती लागते? रंग चालेल का?” मी त्यांना सांगते, पोहायला शिका, दोन परक्या भाषा शिका, आणि नेमणुकीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पस्तीसची अट तशाच एका ओळीत दडली होती.

आणि आपल्याकडे एक मागणे. यापुढे या मुलींना ‘हवाई सुंदरी’ म्हणू नका. विमानसेविका म्हणा, कर्मचारी म्हणा. सुंदर तर त्या असतीलच. आपल्या मुली कुणाला सुंदर दिसत नाहीत? पण त्यांना पगार मिळतो तो त्या नव्वद सेकंदांचा.

मंडळाच्या साठ वर्षांच्या वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन लेखणी आवरते.